सँडस्टोन ट्रेलची तयारी: आधी हेडटॉर्च, मग बाकीचं

हेडटॉर्च घ्या. म्हणजे डोक्याला बांधायचा दिवा. बाकीचं खाली सांगतोच, पण कुणी अर्धंच वाचून बॅग भरायला उठणार असेल तर ही एक वस्तू भरूनच उठा. गेल्या खेपेला इंग्लंडमधल्या या पायवाटेवर बीस्टनहून बिकर्टनकडे जाताना बल्कली हिलच्या झाडीत आम्हाला अंधाराने गाठलं, आणि फोन सोडले तर उजेडाचं काहीही कुणाकडे नव्हतं. ही यादी त्यातून आली आहे, त्यामुळे ती एका बाजूला कललेली असणारच.

आधी वाट समजून घ्या. चेशरमधल्या फ्रॉडशमपासून श्रॉपशरमधल्या व्हिटचर्चपर्यंत 34 मैल, म्हणजे साधारण 55 किलोमीटर. दोन्ही बाजूंना सपाट कुरणं, गायी आणि शेतं, आणि मधून वालुकाश्माच्या टेकड्यांची एक धार उत्तर-दक्षिण गेलेली. वाट बहुतेक तिच्याच अंगाखांद्यावरून जाते. सगळ्यात उंच जागा रॉ हेड, 227 मीटर. हा आकडा ऐकून सह्याद्रीत फिरलेली मंडळी हसतात. आम्हीही हसलो होतो. पण इथे एकदा चढून माथ्यावर बसायचं नसतं, दिवसभर चढ-उतार चालूच असतो, आणि रॉ हेडजवळ वाट सरळसोट कड्याला लागून जाते. तिथे दिवसाउजेडी काही वाटत नाही. अंधारात तिथे असू नये, आणि असलात तर डोक्यावर दिवा असावा.

लोक साधारण तीन दिवसांत सगळी वाट करतात. एकाच दिवसाचा तुकडा करायचा तर उत्तरेला डेलामिअरचं जंगल सोयीचं, कारण चेस्टर-मँचेस्टर लाइनवरचं डेलामिअर स्टेशन जंगलाला लागूनच आहे. बीस्टन, पेकफर्टन, बल्कली, रॉ हेड, बिकर्टन हा दक्षिणेकडचा तुकडा जास्त सुंदर, पण तिथे जवळ स्टेशन नाही. बसचं वेळापत्रक आदल्या दिवशी बघा, आणि रविवारी बस असेलच हे धरून चालू नका. टॅक्सीवाल्यांचे दोन नंबर कागदावर लिहून ठेवा. कागदावर, फोनमध्ये नाही.

आता वेळ. ऑक्टोबरअखेर बीचच्या झाडांची पानं तांबूस होतात, तेव्हाच सगळ्यांना जायचं असतं. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे घड्याळं एक तास मागे जातात, आणि आदल्या शनिवारी पावणेसहा ते सहाच्या दरम्यान मावळलेला सूर्य रविवारी पाचच्या आतच गेलेला असतो. डिसेंबरात तर चारही वाजत नाहीत. पुण्या-मुंबईकडच्या माणसाच्या अंगात संध्याकाळ म्हणजे सहा-साडेसहा हे इतकं मुरलेलं असतं की इंग्लंडमध्ये वर्षं काढली तरी ते जात नाही. म्हणून निघायच्या आदल्या रात्री त्या दिवसाचा सूर्यास्त बघा, त्यातून दीड तास वजा करा, आणि त्या वेळेला शेवटची झाडी ओलांडलेली असेल असा हिशोब मांडा. झाडाखाली अंधार बाहेरच्या आधी पडतो. समोरच्या शेतात अजून उजेड दिसत असतो आणि इकडे आपल्या पायाखालचं मूळ दिसत नाही.

हिशोब हमखास चुकवणारी जागा म्हणजे बीस्टनचा किल्ला. मराठी माणसाला किल्ला दिसला की पाय वळतातच. चेस्टरचा अर्ल रॅनल्फ याने 1220च्या दशकात तो बांधायला घेतला. वरच्या भागातली विहीर शंभर मीटरहून खोल आहे आणि माथ्यावरून नजर वेल्सच्या डोंगरांपर्यंत जाते. बघण्यासारखा आहेच. पण त्यात दीड तास सहज जातो. किल्ला बघायचा तर तोच दिवस, आणि पुढची वाट कमी. दोन्ही करू म्हणाल तर हेडटॉर्च घ्या. नाही म्हणालात तरी घ्या.

फोनचा टॉर्च आहे की, असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं विस्ताराने. एक, फोन हातात धरला की तो हात गेला, आणि ओल्या उतारावर हात लागतो. दोन, नकाशा, टॅक्सी आणि टॉर्च एकाच बॅटरीवर चालतात, आणि थंडीत ती बॅटरी भराभर उतरते. तीन, दोघांत एकच दिवा असेल तर मागचा माणूस पुढच्याच्या सावलीत चालतो. त्याला पुढच्याची पाठ दिसते, पायरी दिसत नाही. म्हणून माणशी एक. दोनशे ल्युमेन उजेडाचा पुष्कळ झाला. आदल्या रात्री चार्ज करा, सेलवर चालणारा असेल तर जादा सेल घ्या. आणि त्याला लॉक असेल तर ते लावा, कारण बॅगेत डब्याखाली बटण दाबलं जातं आणि दिवा आतल्या आत दिवसभर जळत राहतो. ज्या गाडीतून उतरणार आहात त्या गाडीच्या डिकीत ठेवलेला हेडटॉर्च हा हेडटॉर्च नव्हे.

बूट. घोट्यापर्यंतचे, खोल नक्षीच्या तळाचे. आपला काळा बसाल्ट पावसातही बऱ्यापैकी पकड देतो, हा खडक वेगळा. कोरडा असताना बोट घासलं तर तांबडी वाळू हाताला येते. ओला झाला की सावलीतल्या पायऱ्यांवर हिरवा बुळबुळीत थर धरतो, आणि शरद ऋतूत त्यावर ओली पानं पसरलेली असतात. फ्रॉडशमजवळ खडकात खोदलेली जेकब्ज लॅडर नावाची पायऱ्यांची वाट आहे, तिथे उतरताना हे पटेल. काठी असेल तर घ्या.

नकाशा कागदी हवा: ओएस (ऑर्डनन्स सर्व्हे) एक्स्प्लोरर मालिकेतले 267 आणि 257. खुणा चांगल्या आहेत, पिवळ्या चकतीवर पावलाचा ठसा, पण त्या खांबावर आणि फाटकावर असतात आणि अंधारात हातभर जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत. हेडटॉर्च.

कपड्यांचं सगळ्यांना माहीत आहे. जीन्स नको, वॉटरप्रूफ हवं, मोजे दोन जोड. पाणी घरूनच भरून घ्या. ओढ्याचं पिऊ नका, वर कुरणं आहेत. खायला पोळीभाजीचे रोल, चिक्की, थर्मासमध्ये चहा. वाटेत पब लागतात, पण दुपारी किचन बंद झालेलं असू शकतं. गायींच्या कळपातून जावं लागलं तर लांबून वळसा घाला, वासरं असतील तर आणखी लांबून. फाटक जसं सापडलं तसं ठेवा.

शिट्टी घ्या. मदत मागायची तर मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मग मिनिटभर थांबायचं. 999 वर, म्हणजे तातडीच्या मदतीच्या नंबरवर, मेसेज करता यावा म्हणून घरी बसूनच त्या नंबरला ‘रजिस्टर’ असा इंग्रजीत मेसेज पाठवा, उत्तर येईल तसं करा. डोंगरात फोन लागत नसला तरी मेसेज कधीकधी जातो. कुठे जाताय आणि किती वाजता फोन कराल हे घरी कुणाला तरी सांगा.

निघताना दारात उभं राहून बॅग उघडा, हेडटॉर्च हाताला लागतोय का बघा, दाबून बघा, परत लॉक करा.

परत आल्यावर बूट धुवा, कागद कोंबून वाळवा, हीटरवर नको. ब्रॅकनमधून, म्हणजे उंच नेच्यांमधून, गेला असाल तर गुडघ्यामागे, कमरेला, काखेत गोचीड बघा. असली तर बारीक चिमट्याने कातडीच्या लगत धरून सरळ वर ओढा, तेल-बिल लावू नका. पुढच्या काही आठवड्यांत तिथे लाल चट्टा पसरायला लागला तर जीपीकडे, म्हणजे आपल्या डॉक्टरकडे, जा.