वाघेरीचा माथा: चढाईची तयारी

गोव्यातल्या केरी-सत्तरीतून पाहिलं तर वाघेरीचा डोंगर फार उंच वाटत नाही, आणि इथेच अंदाज चुकतो. माथा सुमारे ७२५ मीटरवर, पायथ्याचा अंजुणे धरणाचा परिसर जेमतेम शंभराच्या आसपास. म्हणजे सहाशे मीटरांहून जास्त चढ, तोही दमट रानातून. सराव असलेल्याला ३०० मीटर चढायला साधारण एक तास लागतो. इथल्या उकाड्यात दीड तास धरा. त्यात सपाटीची चाल आणि विसावा मिळवला की वर पोहोचायला चार तास लागतात.

हा डोंगर म्हादई अभयारण्यात येतो. ते १९९९ साली घोषित झालं, क्षेत्र सुमारे २०८ चौरस किलोमीटर. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार परवानगीशिवाय आत जाता येत नाही, म्हणून आधी वाळपईच्या वनखात्याच्या कार्यालयात चौकशी करा. गावातला वाटाड्या सोबत घ्याच. सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, गुरांच्या पायवाटा इतक्या फुटतात की खाणाखुणा ठाऊक नसलेला माणूस सहज भलत्याच सोंडेवर उतरतो. फोनच्या रेंजवर भिस्त ठेवू नका. नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि परतायची वेळ घरी सांगून ठेवा.

जायचं ते ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत. पावसाळ्यात ओहोळ तासाभरात फुगतात. सकाळी घोटाभर पाण्यातून पार केलेला ओहोळ दुपारी परतीची वाट अडवतो. फेब्रुवारीनंतर पाणी आटतं, गवत वाळतं. मार्च २०२३ मध्ये म्हादईचं रान कित्येक दिवस जळत होतं. अभयारण्याला धोका होईल अशी आग पेटवायला कायद्यानेच बंदी आहे, त्यामुळे चहासाठी चूलही नको आणि विडी-सिगारेटही नको. जेवण घरूनच डब्यात न्या.

माणशी तीन लिटर पाणी लागतं. त्यातल्या एका लिटरमध्ये ओआरएसचं एक पूर्ण पाकीट विरघळवा. पाकीट अर्ध्या लिटरात घातलं तर द्रावण जास्त खारट होतं आणि तहान भागत नाही. तहान लागायची वाट न पाहता दर वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घ्या. पहिली बाटली माथ्याआधीच संपली असेल तर ठीक, दुसरी संपली तर मात्र मागे वळा.

उजाडताच निघा. दुपारी बारा वाजता जिथे असाल तिथून परत फिरायचं, माथा समोर दिसत असला तरी. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण दाट झाडीत अंधार अर्धा-पाऊण तास आधीच पडतो. आणि उतरणीला वेळ वाचेल हा हिशेब खोटा ठरतो: जांभ्या दगडाच्या खड्यांवर वाळका पाला पसरलेला असतो, पाय तिथेच घसरतो. पाऊल पूर्ण टेकवून, गुडघे किंचित वाकवून उतरा. आधाराला वाळलेली कारवी धरू नका, ती कट्‌कन मोडते. काठी बरी.

डिसेंबर-जानेवारीत खाजकुयलीच्या शेंगांपासून जपा. लव अंगाला लागली तर चोळायचं नाही; चिकटपट्टी लावून उपटा, मग धुवा. गवा दिसला तर थांबा, त्याला वाट मोकळी ठेवून हळूहळू मागे सरका. अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागलेली बरी, म्हणून झुडपांतून जाताना बोलत चला.

आता सर्वांत महत्त्वाचं: गोचीड. सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो विषाणू गोचिडीच्या चाव्यातून येतो. धोका थंडी-उन्हाळ्यात वाढतो, म्हणजे नेमका तुमच्या चढाईच्या हंगामात. फिकट रंगाचे, अंगभर कपडे घाला. त्यावर गोचीड चटकन दिसते. पँट मोज्यांत खोचा. पाल्यावर बसू नका, उघडा खडक पाहा. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता लांबून जा आणि वनखात्याला कळवा. गोचीड चिकटलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढा, बोटांनी चिरडू नका. घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाका आणि काखा, जांघा, कानांमागची जागा तपासा. पुढच्या आठ-दहा दिवसांत अचानक ताप आणि डोकेदुखी आली तर घरी गोळ्या घेत बसू नका. आरोग्य केंद्रात जा आणि सत्तरीच्या रानात गेला होतात, हे डॉक्टरांना आधी सांगा.