गेमच्या चाचणीला खेळाडू येण्याआधी

दिव्यांग खेळाडूंना बोलावून मोबाइल गेमची चाचणी घ्यायची असेल, तर दिवस ठरला की सगळ्यात आधी एकच प्रश्न कागदावर लिहून काढा. 'गेम आवडला का?' हा प्रश्न कामाचा नाही, भिडेखातर सगळेच 'छान आहे' म्हणतात. 'पहिली लेव्हल कुणालाही न विचारता पार होते का?' असं काहीतरी हवं, जे समोर बसून बघता येईल.

मग माणसं. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी 2000 साली मांडलेला, चाचणीला 'पाच जण पुरेत' हा हिशोब अनेकांना पाठ असतो, पण तो साधारण एकसारख्या वापरकर्त्यांचा आहे. पूर्ण अंध, कमी दिसणारे, एका हाताने खेळणारे, ऐकू न येणारे अशा प्रत्येकाला एकेक जागा दिली तर कुणाचीच अडचण नीट कळत नाही. या खेपेला एकच गट बोलवा. मानधन आणि रिक्षाभाडं आधीच सांगा. अंध खेळाडूला संमतीपत्र स्कॅन करून पाठवू नका, स्क्रीन रीडरसाठी, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी, तो नुसता फोटो असतो. साध्या मजकुरात व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तो निवांत ऐकून घेईल.

फोन शक्यतो खेळाडूचाच असू द्या. टॉकबॅकचा (अँड्रॉइडमधला स्क्रीन रीडर) वेग, आवाज, अक्षरांचा आकार हे सगळं त्याने स्वतःच्या सवयीप्रमाणे लावलेलं असतं. आपला फोन हातात दिला तर निम्मा वेळ तो फोनच समजून घेण्यात जातो. गेम युनिटीत (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) केला असेल तर आधी टॉकबॅक सुरू करून, डोळे मिटून मेनू स्वतः उघडून बघा. त्यासाठी वेगळं काम केलेलं नसेल तर आतली बटणं टॉकबॅकला सापडतच नाहीत, आणि एवढं कळायला कुणाला पदरचा वेळ मोडून बोलवायची गरज नाही. डाव्या-उजव्या कानात वेगवेगळे इशारे येत असतील तर हेडफोन लागणारच. मग एकाच फोनला दोन हेडफोन जोडणारा ऑडिओ स्प्लिटर आणून ठेवा, नाहीतर त्याला काय ऐकू येतंय याचा तुम्हाला पत्ताच लागणार नाही.

मराठी मजकूर आठवडाभर आधी तपासा. युनिटीत मजकूर दाखवणारं टेक्स्टमेश प्रो देवनागरीची जोडणी आपणहून नीट करत नाही: 'किल्ला'तली वेलांटी क-च्या उजवीकडे जाऊन बसते, जोडाक्षर फुटतं. कमी दिसणारी व्यक्ती तिथे अडखळली तर दोष रंगांचा, आकाराचा की फुटलेल्या अक्षराचा, हे कसं सांगणार?

रंगांधळेपणात स्क्रीन कशी दिसेल ते अँड्रॉइडच्या सेटिंग्जमधल्या डेव्हलपर ऑप्शन्समधून घरीच बघून घ्या. एका सेकंदात तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणारं दृश्य असेल तर ते काढल्याशिवाय कुणालाही बोलवू नका. त्याने एखाद्याला फिट येऊ शकते.

राहिलं शेजारी कोण बसणार ते. ज्याने ती लेव्हल बांधली त्याला बसवू नका, खेळाडू अडला की त्याला राहवत नाही. त्याला मागे बसवून टिपणं घ्यायला द्या. शेजारी बसणाऱ्याने किती वेळ गप्प राहायचं ते आधीच ठरवा, आणि मदत करावीच लागली तर कुठे आणि किती वाजता केली, तेही टिपणात लिहा.