गळका कार्बोरेटर उघडण्याआधीची तयारी

१ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ नियम लागू झाले आणि इंजिनाला पेट्रोल व हवा मिसळून देणारा कार्बोरेटर नव्या मोटारसायकलींतून जवळजवळ हद्दपार झाला. त्याआधीच्या शंभर-सव्वाशे सीसीच्या असंख्य गाड्या मात्र आजही रोज धावतात आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल गळणे हे त्यांचे नेहमीचे दुखणे आहे. हे काम घरी नीट करता येते. त्यासाठी पाना हातात घेण्याआधी गळती नेमकी कुठून होते हे शोधले पाहिजे, कारण काय विकत आणायचे आणि कार्बोरेटर उतरवायचा की नाही, हे त्यावरच ठरते.

इंजिन थंड असताना गाडी सपाट जागी डबल स्टँडवर लावावी, कार्बोरेटर बाहेरून कोरडा पुसावा, पेट्रोलचा कॉक चालू करावा आणि टॉर्चच्या उजेडात ओल कुठे उमटते ते पाहावे. कॉककडून येणाऱ्या पाइपच्या टोकाशी ओल असेल तर पाइप आणि त्याची क्लिप बदलून भागते. पेट्रोल साचणाऱ्या खालच्या वाटीच्या सांध्यावर असेल तर तिथले गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी चकती, गेले आहे, आणि वाटीच्या तळाच्या ड्रेन स्क्रूपाशी असेल तर तो आवळून आधी पाहावा. ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जास्तीचे पेट्रोल बाहेर सोडणाऱ्या, नळीतून थेंब पडत असतील तर मात्र दोष बहुधा आत, फ्लोट आणि नीडल यांच्या जोडीत असतो. गच्चीवरच्या टाकीत पाणी भरले की चेंडू वर येऊन नळ बंद करतो, तसाच वाटीतला फ्लोट वर येऊन नीडलने पेट्रोल थांबवतो. नीडलच्या टोकाखाली गंजाचा एक कण अडकला तरी ते थांबत नाही. याच वेळी कॉक बंद करून गळती थांबते का, हेही तपासावे. वाटीत साचलेले पेट्रोल संपल्यावरही थेंब येत राहिले तर कॉकची सीलही गेलेली आहे, आणि मग टाकी रिकामी करण्याची तयारी ठेवावी लागते.

यानंतर इंजिन ऑइल अवश्य पाहावे. अनेक जण ते विसरतात. कार्बोरेटर भरून वाहू लागला की पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरू शकते. ऑइलची पातळी वाढलेली असेल किंवा डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नये, कारण पातळ झालेले ऑइल बेअरिंगांचे रक्षण करत नाही. त्यामुळे खरेदीच्या यादीत मालकपुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे ऑइलही असावे.

जागेच्या निवडीत कसलीही तडजोड करू नये. पेट्रोलची वाफ उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेऊ शकते, शिवाय ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरत जाते. इमारतीचे तळघरातील पार्किंग, बंद खोली किंवा स्वयंपाकघराला लागून असलेला ओटा यांपैकी कुठेही हे काम करू नये. अंगणात, मोकळ्या हवेत, जवळपास दिवा, उदबत्ती, गॅस किंवा सिगारेट नसताना करावे. बॅटरीच्या ऋण टोकाची वायर सोडून ठेवावी. हाताशी वाळूची बादली किंवा कोरड्या पावडरीचे अग्निशामक असावे. पेट्रोलच्या आगीवर पाणी टाकल्यास आग पसरते. काढलेले पेट्रोल घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावे, गटारात ओतू नये.

सुटे भाग गाडीचे मॉडेल आणि वर्ष सांगूनच घ्यावेत आणि कार्बोरेटरच्या अंगावर कोरलेला क्रमांक टिपून न्यावा. नीडल, वाटीचे गॅस्केट किंवा ओ-रिंग, पेट्रोलचा पाइप आणि दोन क्लिपा एवढे पुरते. फ्लोट बिघडल्याची खात्री होईपर्यंत तो घेऊ नये. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या गाड्यांतले रबर त्यासाठी बनवलेले असेलच असे नाही, म्हणून फुगलेले किंवा कडक झालेले गॅस्केट पुन्हा बसवण्याचा मोह टाळावा. टाकीत गंज दिसत असेल तर ती धुण्याची तयारीही आत्ताच करावी, नाहीतर नवी नीडलही थोड्याच दिवसांत गळू लागेल.

हत्यारे थोडीच लागतात: ८ आणि १० नंबरचे पाने, पक्कड, बारीक ब्रश, कार्बोरेटर क्लीनरचा कॅन, हातमोजे आणि चष्मा. फुलीच्या स्क्रू ड्रायव्हरकडे मात्र खास लक्ष द्यावे. वाटीचे स्क्रू मऊ असतात आणि झिजलेल्या ड्रायव्हरने त्यांची फुली गोल होते. मग स्क्रू जागचा हलत नाही आणि साध्या कामाचे मोठे काम होते. खाचेत घट्ट बसणारा ड्रायव्हर घ्यावा आणि फिरवण्याआधी तो जोरात दाबून धरावा. सुट्या भागांसाठी काठ असलेली स्टीलची थाळी ठेवावी, कारण फ्लोटची पिन जमिनीवर पडली की सापडत नाही. प्रत्येक टप्प्यावर मोबाइलने फोटो काढावा. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्राच्या पितळी भागात, तार घालू नये. पितळ मऊ असते आणि छिद्र किंचित वाढले तरी मिश्रण बिघडते. हवेने किंवा क्लीनरच्या फवाऱ्याने छिद्र साफ होते. मिश्रणातील हवा कमी-जास्त करणाऱ्या एअर स्क्रूला हात लावण्याची गरज या कामात सहसा नसते. लावायचाच असेल तर तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते आधी लिहून ठेवावे.

जुनी नीडल काढली की तिचे टोक उजेडात धरून पाहावे. निमुळत्या रबरी टोकाभोवती सीटच्या, म्हणजे नीडल जिथे टेकते त्या छिद्राच्या, कडेने पडलेली गोल खाच दिसली तर गळतीचे कारण बहुधा हातात आले आहे. फ्लोट कानाशी हलवावा आणि गरम पाण्यात बुडवावा. आत पेट्रोलचा आवाज आला किंवा पाण्यात बुडबुडे आले तर फ्लोट बदलावा. यासाठी गरम पाणी घरातूनच आणावे, कामाच्या जागी शेगडी पेटवू नये.

काम सकाळी सुरू करावे, म्हणजे एखादे गॅस्केट कमी पडले तर स्पेअर पार्टचे दुकान उघडे असते. यादीत शेवटी एक कोरडा पुठ्ठा असू द्यावा. जोडणी झाल्यावर तो कार्बोरेटरखाली अंथरावा, कॉक चालू करून इंजिन बंद ठेवूनच पंधरा-वीस मिनिटे थांबावे आणि पुठ्ठा व सांधे दोन्ही कोरडे असतील तरच बॅटरीची वायर जोडून किक मारावी.