पुणे तेथे एक बाइट उणे : मेमरी शिकायला बसणाऱ्यांसाठी

मेमरीच्या धड्यात एक उभा चौकोन हमखास असतो. वर स्टॅक (फंक्शनच्या आतल्या व्हेरिएबलांची जागा), खाली हीप (प्रोग्रामने चालताना मागून घेतलेली जागा), मधे दोन बाण. परीक्षेत तो काढून मार्क मिळतात, पण प्रोग्राम कोसळला की त्या चौकोनाकडे बघून काही कळत नाही. मेमरी कळते ती पत्ते छापून आणि बाइट मोजून. त्यासाठी लिनक्स, जीसीसी हा कंपायलर आणि सी भाषेची तोंडओळख पुरते. विंडोज असेल तर त्यातच लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल टाकून घ्या. सुरुवात पायथॉन किंवा जावाने करू नका, कारण आपल्याला जे बघायचं आहे तेच त्या भाषा झाकून ठेवतात.

आधी पाच इंटांचा अ‍ॅरे घ्या आणि प्रत्येक घटकाचा पत्ता छापा. शेवटचे अंक बहुधा ०, ४, ८, सी (म्हणजे बारा) आणि पुन्हा ० असे येतील. इंट ४ बाइटांचा आणि पत्ता सोळाच्या पायावर लिहिलेला, म्हणून सीनंतर हातचा एक डावीकडे जातो. प्रोग्राम पुन्हा चालवलात तर पत्ते बदललेले दिसतील. इथे बरेचजण गोंधळतात, पण चूक तुमची नाही. सुरक्षेसाठी लिनक्स दर वेळी जागा मुद्दाम हलवतं. शिवाय हे पत्ते रॅमच्या पट्टीवरचे नसतातच. प्रत्येक प्रोग्रामला स्वतःचे आभासी पत्ते मिळतात आणि ४०९६ बाइटांच्या एकेका पानाचा खरा ठिकाणा प्रोसेसर तक्त्यातून शोधतो.

आता एका इंटमध्ये २५८ ठेवा आणि ‘अनसाइन्ड चार’ (unsigned char) या एका बाइटच्या प्रकाराच्या पॉइंटरने त्याचे ४ बाइट एकेक करून छापा. २, १, ०, ० असं दिसेल. २५८ म्हणजे एकदा २५६ आणि वर २. नेहमीच्या इंटेल, एएमडी मशिनवर लहान भाग आधी बसतो.

खरी गंमत मराठी अक्षरांत आहे. ‘पुणे’ हा शब्द स्ट्रलेनला, म्हणजे स्ट्रिंगचे बाइट मोजणाऱ्या फंक्शनला, दिला तर उत्तर काय? दोन नाही, चारही नाही, १२. प, उकार, ण आणि मात्रा हे चार वेगळे संकेत, आणि अक्षरं बाइटांत साठवायच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेत ३ बाइट घेतो. शेवटी स्ट्रिंग संपल्याची खूण म्हणून शून्याचा एक बाइट लागतोच, म्हणजे जागा हवी १३ ची. नवशिका मात्र शब्दाची प्रत ठेवायला हीपवर जागा देणाऱ्या मॅलॉकला थेट स्ट्रलेनचं उत्तर देतो, म्हणजे १२. आणि प्रोग्राम चालतो!

चालतो कारण ६४-बिट लिनक्सवरचा नेहमीचा मॅलॉक कितीही कमी मागितलं तरी वापरण्याजोगे निदान २४ बाइट देतो. तेरावा बाइट त्या सवलतीत खपून जातो. आता ‘चंद्रपूर’ द्या. च, अनुस्वार, द, हलन्त, र, प, ऊकार, र असे आठ संकेत, म्हणजे बरोबर २४ बाइट. पंचविसावा शून्य-बाइट पुढच्या तुकड्याचा आकार जिथे नोंदलेला असतो तिथे जाऊन पडतो. मॅलॉकची स्वतःचीच वही बिघडते, आणि प्रोग्राम कोसळलाच तर तो दुसरीकडेच, भलत्याच फंक्शनमध्ये, कधी बऱ्याच वेळाने. मग माणूस त्या निरपराध ओळीकडे तासभर बघत बसतो. ‘माझ्याकडे तर चालतंय’ या वाक्यामागे पुष्कळदा असलाच एखादा उणा बाइट असतो.

म्हणून पहिल्या दिवसापासून अ‍ॅड्रेस सॅनिटायझर (मेमरीतल्या चुका पकडणारी कंपायलरची सोय) लावून कंपाइल करा, सोबत डीबग माहितीही ठेवा. मग ‘पुणे’लाच प्रोग्राम थांबतो आणि १२ बाइटांच्या तुकड्याबाहेर कोणत्या ओळीने लिहिलं ते सांगतो. फ्री केलेली जागा पुन्हा वापरली तरी तो पकडतो.

सेगमेंटेशन फॉल्टवर भिस्त ठेवू नका. तो येतो तो मनाई असलेल्या पानावर हात पडला तर. पाच घटकांच्या अ‍ॅरेत सहावा लिहिलात तर पान सहसा तेच राहतं आणि शेजारचा व्हेरिएबल गुपचूप बदलू शकतो. उलट, फंक्शनच्या आत ३० लाख इंटांचा अ‍ॅरे घेतलात तर १ कोटी २० लाख बाइट लागतात. लिनक्सवर स्टॅकची मर्यादा सहसा ८ एमबी असते, त्यामुळे प्रोग्राम तिथेच आपटतो. तोच अ‍ॅरे ग्लोबल करा किंवा मॅलॉकने घ्या, बिनतक्रार चालेल.

मॅलॉकने १ जीबी मागा, गेटचारने प्रोग्राम थांबवून ठेवा आणि दुसऱ्या खिडकीत टॉप, म्हणजे चालू प्रोग्रामांची यादी, उघडा. व्हर्टचा (आभासी जागेचा) आकडा १ जीबीने फुगलेला असेल, रेस (खरोखर मिळालेली रॅम) मात्र जवळजवळ जागच्या जागी. दर ४०९६ बाइटांवर एकेक बाइट लिहीत गेलात की रेस चढू लागतो, कारण पानाला हात लागल्यावरच रॅम मिळते. या प्रयोगात ऑप्टिमायझेशन बंद ठेवा, नाहीतर न वापरलेला मॅलॉक कंपायलर काढूनही टाकू शकतो.

मुलाखतीत स्ट्रक्टचा आकार विचारतात. ‘चार’ (char, १ बाइट), इंट, ‘चार’ या क्रमाने ठेवले तर ६ नव्हे, १२ बाइट होतात. इंटला ४ ने भाग जाणारा पत्ता लागतो, म्हणून मधे आणि शेवटी ३-३ बाइट रिकामे सुटतात. इंट आधी घेतला तर ८ मध्ये भागतं.

त्याच मुलाखतीत यापुढचा प्रश्न कॅशचा, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीचा, असू शकतो. ४०९६ गुणिले ४०९६ इंटांचा ग्लोबल अ‍ॅरे घ्या आणि त्याची बेरीज एकदा ओळीओळीने, एकदा स्तंभास्तंभाने करून वेळ मोजा. बेरीज तीच येते, पण दुसऱ्या पद्धतीला कितीतरी जास्त वेळ लागतो. कॅश एका दमात ६४ बाइट, म्हणजे १६ इंट आणते. ओळीने गेलात तर सोळाही कामी येतात. स्तंभाने गेलात तर पुढचा इंट १६,३८४ बाइट लांब असतो, त्यामुळे आणलेल्या सोळांतला एक वापरून पुढे उडी मारावी लागते आणि बाकीच्या पंधरांची पाळी येईपर्यंत ते बहुतेक कॅशमधून बाहेर गेलेले असतात.