घरच्या सर्व्हरवर लक्ष ठेवताना या चुका टाळा

‘अपटाइम कुमा लावलंय, सगळं हिरवं दिसतंय, तरी इमिच बंद कसं पडलं?’ हा प्रश्न आजवर इतक्या जणांनी विचारलाय की एकदा नीट लिहून ठेवतो. (अपटाइम कुमा म्हणजे सेवा चालू आहेत का ते बघून कळवणारं टूल; इमिच म्हणजे घरच्या सर्व्हरवर फोटो ठेवायची सेवा.)

हिरवा दिवा एवढंच सांगतो की त्या पोर्टवर कुणीतरी उत्तर दिलं. नेक्स्टक्लाउडचं (घरच्या सर्व्हरवर फाइली ठेवायची सेवा) लॉगिन पान उघडलं म्हणजे कालच्या फाइली डिस्कवर पोचल्या असं होत नाही. सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक हीच: सेवा चालू आहे का ते बघायचं, पण तिचं काम होतंय का ते बघायचं नाही.

एका मित्राकडे घडलेलं सांगतो. जुना डेस्कटॉप, २५६ जीबीच्या एसएसडीवर उबंटू, फोटोंसाठी आत मोठी हार्ड डिस्क आणि बॅकअपला बाहेरून लावलेली यूएसबी ड्राइव्ह. रोज रात्री आरसिंक हे फाइली कॉपी करणारं टूल फोटो यूएसबीवर उतरवायचं. पावसाळ्यात एका रात्री वीज गेली, पहाटे आली, मशीन आपोआप सुरू झालं, पण यूएसबी ड्राइव्ह माउंट झाली नाही, म्हणजे तिच्या ठरलेल्या फोल्डरला जोडली गेली नाही. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी) ‘नोफेल’, म्हणजे ‘डिस्क नसली तरी पुढे जा’, असं लिहिलेलं असल्यामुळे उबंटू न अडखळता वर आलं. आता ज्या फोल्डरवर ड्राइव्ह बसायची, ते रिकामं फोल्डर एसएसडीवरचं होतं. आरसिंकला फोल्डर सापडलं, त्याने सगळे फोटो पहिल्यापासून तिथे उतरवले. एरर नाही, तक्रार नाही. लायब्ररी एसएसडीवर जेमतेम मावली.

पुढे सणासुदीचे व्हिडिओ वाढत गेले आणि दिवाळीच्या सुमारास एसएसडी भरली. इमिचचा डेटाबेस असलेल्या पोस्टग्रेसला लिहायला जागा उरली नाही, इमिच बंद पडलं. कुमाचा स्वतःचा एसक्यूलाइट डेटाबेसही त्याच एसएसडीवर, त्यामुळे त्याच्याकडूनही सूचना आली नाही. फोनवर फोटो उघडेनात म्हणून घरच्यांनी सांगितलं, तेव्हा शोधाशोध सुरू झाली.

त्या शोधाशोधीतही एक सापळा होता. मित्राने आधी ड्राइव्ह परत माउंट केली आणि मग जागा कुठे गेली ते बघू लागला. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतोय एसएसडी पूर्ण भरलेली, डीयू (फोल्डरांतल्या फाइली मोजणारी) मात्र त्याच्या निम्म्याचाही हिशेब देत नाही. कारण चुकून उतरलेले फोटो आता माउंट झालेल्या ड्राइव्हखाली झाकले गेले होते. ड्राइव्ह अनमाउंट केली तेव्हाच ते दिसले. डीएफ आणि डीयूचा हिशेब जुळत नसेल, तर आधी माउंटखाली काय दडलंय ते बघा. मूळ डिस्क शाबूत होती म्हणून या प्रकरणात निभावलं.

यावर मी तीन गोष्टी करतो. बॅकअपच्या स्क्रिप्टची पहिली ओळ ‘माउंटपॉइंट’ ही कमांड असते, ती ड्राइव्ह जोडलेली आहे का ते बघते. ड्राइव्ह जागेवर नसेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते. ड्राइव्ह काढलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला ‘सीएचअ‍ॅटर +आय’ हे कुलूप लावून ठेवतो, म्हणजे चुकूनही त्यात काही लिहिलं जात नाही. आणि आरसिंक नीट संपल्यावरच कुमाच्या पुश मॉनिटरला (निरोपाची वाट बघणारी नोंद) निरोप जातो. ठरल्या वेळेत निरोप आला नाही की कुमा ओरडतो. याशिवाय अधूनमधून बॅकअपमधला एखादा फोटो काढून उघडून बघा. हे काम कुठलंही टूल तुमच्यासाठी करत नाही.

दुसरी चूक वरच्या गोष्टीत आलीच: पहारेकरी त्याच मशीनवर. मशीन बंद तर पहारेकरीही बंद, आणि शांतता बघून लोक समजतात सगळं छान चाललंय. बाजूला रास्पबेरी पाय हा छोटा संगणक ठेवून त्यावर कुमा चालवलात तर अर्धं काम झालं, कारण राउटर किंवा ब्रॉडबँड गेलं की कुमाचा टेलिग्रामवरचा संदेश घराबाहेर जाणारच नाही. म्हणून घरातून बाहेर ठराविक वेळाने ‘मी चालू आहे’ असा ठोका जायला हवा आणि ठोका चुकला की बाहेरच्याने कळवायला हवं. हेल्थचेक्स डॉट आयओ ही वेबसेवा नेमकं हेच करते, त्याचा फुकट प्लॅन घरासाठी पुरतो. ठोका आतून बाहेर जातो, त्यामुळे आपल्याकडच्या बऱ्याच ब्रॉडबँड जोडण्यांना असलेली सीजीनॅटची (एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांना वाटलेला, म्हणून बाहेरून घरात थेट पोचता येत नाही) अडचण येत नाही. दुसऱ्या गावी आईवडील किंवा आत्या राहत असतील तर त्यांच्याकडे एक रास्पबेरी पाय पहाऱ्याला ठेवा, टेलस्केलने (दूरची मशीनं खाजगी जाळ्यात जोडणारं टूल) घराशी जोडा. माझ्या मते हा सगळ्यात चांगला उपाय.

डॉकर, म्हणजे प्रत्येक सेवा वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं टूल, त्याबाबतचा एक गैरसमज काही केल्या जात नाही. हेल्थचेक (आतली सेवा नीट चालतेय का याची चाचणी) नापास झाला की डॉकर कंटेनर पुन्हा सुरू करतो, असं लोक धरून चालतात. तसं होत नाही. साधा डॉकर फक्त ‘अनहेल्दी’ अशी खूण करतो. रीस्टार्टचं धोरण लागू होतं ते कंटेनर बंद पडल्यावर. आणि मग ‘अनहेल्दी’ कंटेनर आपोआप रीस्टार्ट करणारं वेगळं टूल शोधलं जातं. मला ते पटत नाही. दर दोन तासांनी रीस्टार्ट होणारा कंटेनर आजारीच असतो, फक्त तुम्हाला ते कळत नाही. लॉग वाचा. आणि लॉगवरून आठवलं: डॉकरच्या डीफॉल्ट जेसन-फाइल लॉगला आकाराची मर्यादाच नसते, तो वाढत वाढत डिस्क भरू शकतो. डॉकरच्या सेटिंगमध्ये ‘मॅक्स-साइझ’ आणि ‘मॅक्स-फाइल’ आजच लिहून टाका.

हार्ड डिस्कचा स्मार्ट अहवाल (डिस्क स्वतःच्या तब्येतीचा ठेवते तो) ‘पास्ड’ म्हणाला म्हणून निर्धास्त राहू नका. त्यातले ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांचे, म्हणजे डिस्कच्या बिघडलेल्या आणि संशयित जागांचे, आकडे बघा. शून्य असलेला आकडा वाढू लागला की नवी डिस्क मागवा. यूएसबी डिस्कचा अहवालच येत नसेल तर स्मार्टसीटीएल या अहवाल वाचणाऱ्या कमांडला ‘-डी सॅट’ देऊन बघा.

लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था फुकट देते ती एचटीटीपीएस प्रमाणपत्रं साधारण ९० दिवसांची, आणि मुदत संपत आल्याचे ईमेल त्यांनी जून २०२५ पासून बंद केलेत. नूतनीकरण झालं पण एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर रीलोड झालाच नाही आणि जुनंच प्रमाणपत्र देत राहिला, हे तर नेहमीचं. त्यामुळे मुदत फाइलवरून तपासू नका, ब्राउझरला दिसणाऱ्या प्रमाणपत्रावरून तपासा. कुमा ते करतो.

नवशिक्यांना एक कळकळीची विनंती. व्हिडिओ बघून पहिल्याच शनिवार-रविवारी प्रोमिथियस आणि ग्राफाना (आकडे गोळा करून आलेख दाखवणारी मोठी टूलं) उभं करू नका. चाळीस आलेखांचा डॅशबोर्ड आठवडाभर कौतुकाने बघितला जातो, नंतर तो टॅब कुणी उघडत नाही. सुरुवातीला जागा, बॅकअपचा ठोका आणि डिस्कची तब्येत एवढंच धरा. सूचनाही मोजक्या ठेवा. ब्रॉडबँडने क्षणभर डोळा मिटला की फोन वाजत राहिला, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही तो चॅनल म्यूट करणार. कुमात रीट्राय तीन ठेवा, म्हणजे तीनदा पुन्हा तपासूनच तो कळवेल.

सूचना लावल्यावर त्या येतात का, हे मुद्दाम काहीतरी बिघडवून बघा. नेटवर्कची वायर काढा, यूएसबी ड्राइव्ह अनमाउंट करा, फोन वाजेपर्यंत थांबा. ‘नंतर बघू’ म्हणणाऱ्यांचा फोन खऱ्या वेळी वाजत नाही.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांसाठी: ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ ही कमांड चालवा. उत्तर शून्याखेरीज काही आलं, तर मशीन सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज कमी पडलंय किंवा तापमान वाढलंय. बहुतेक वेळा ड्रॉवरमधला जुना मोबाइल चार्जर लावलेला सापडतो. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा आणि पाय ५ ला ५ व्होल्ट ५ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर लागतो; तो घ्या, मग एसडी कार्डाला दोष द्या.