जुना रीफ टँक विकत घेताना आणि घरी आणताना

बदली होते, घर बदलते, वीजबिल झेपेनासे होते, आणि मुंबई-पुण्यात चालू अवस्थेतले रीफ टँक, म्हणजे प्रवाळ वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या काचपेट्या, मासे, प्रवाळ आणि यंत्रांसह विक्रीला निघतात. नवा सेटअप उभा करण्यापेक्षा ते स्वस्त पडतात आणि शिवाय दोन-तीन वर्षे स्थिरावलेले पाणी हाती येते. मात्र अशा व्यवहारात बहुतेक जण काचेचा भाव करत बसतात आणि आतल्या जिवंत भागाला वरकड समजतात. वास्तविक काच कुठेही बनवून मिळते. जे सहज मिळत नाही ते लाइव्ह रॉकच्या, म्हणजे टँकमधल्या जिवंत सच्छिद्र दगडांच्या, बारीक छिद्रांत वाढलेले जिवाणू होत, कारण माशांच्या उत्सर्जनातून सुटणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइटमध्ये आणि मग नायट्रेटमध्ये बदलण्याचे काम तेच करतात. हे जिवाणू टँक हलवताना वाचले तर सगळे वाचते. म्हणून खरेदी ठरवण्याचा दिवस आणि टँक हलवण्याचा दिवस यांत किमान आठवड्याचे अंतर ठेवावे, आणि नव्या जागी पाणी, वीज व स्टँड यांची सिद्धता झाल्याशिवाय जुन्या टँकमधून पहिली बादली उपसू नये, असे माझे ठाम मत आहे.

पैशांची बोलणी करण्यापूर्वी कायद्याची बाजू पाहावी. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली २००१ सालापासून सर्व दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल, फायर कोरल आणि गॉर्गोनियन म्हणजे समुद्रपंखे यांना संरक्षण आहे. समुद्री घोडे, समुद्री काकड्या आणि महाकाय शिंपल्यांच्या काही जातीही संरक्षित आहेत. विक्रेत्याने ‘हे सगळे आयात केलेले आहे’ असे सांगितले तरी तेवढ्यावर विसंबू नये. कागदपत्रे मागावीत आणि शंका असल्यास वनविभागाच्या कार्यालयात विचारूनच पुढे जावे. झोअँथिड, मशरूम, लेदर यांसारखे सॉफ्ट कोरल (दगडी सांगाडा नसलेले प्रवाळ) आणि क्लाउनफिशसारखे मासे एवढ्यावरही अतिशय देखणा टँक उभा राहतो. क्लाउनफिशचे बंदिस्त प्रजनन तर आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही यशस्वी केले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्या माशांचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही.

टँक पाहायला जाताना स्वतःचा रेफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचे उपकरण), अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि तांबे तपासण्याचे किट आणि एक चांगली बॅटरी सोबत न्यावी. क्षारता हजारी ३५ भागांच्या आसपास, तापमान २५ ते २७ अंश सेल्सिअस आणि अमोनिया शून्य असला पाहिजे. नायट्रेट थोडे जास्त असले तरी घाबरू नये, ते पाणी बदलून उतरते. तांब्याबद्दल मात्र स्पष्ट विचारावे. माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचे औषध थेट या टँकमध्ये टाकले असेल, तर ते रॉक आणि वाळूत मुरून राहते आणि पुढे हळूहळू सुटत प्रवाळ, कोळंबी व गोगलगायी मारते. असा रॉक फुकट मिळाला तरी घेऊ नये. रॉकवर काचेसारखी पारदर्शक, लहान फुलासारखी दिसणारी एप्टेशिया (उपद्रवी समुद्री जीव) मोठ्या संख्येने असेल तर तोही उपद्रव आपल्या घरी येणार, हे धरून किंमत सांगावी.

काचेची पाहणी घाईने करू नये. बॅटरीचा झोत सांध्याला समांतर धरून चारही उभ्या कडांवरून आणि तळाच्या सांध्यावरून सावकाश फिरवावा. दोन काचांच्या मधल्या सिलिकॉनच्या थरात पांढुरके डाग, बुडबुडे किंवा आत शिरलेले हिरवे शेवाळ दिसले, तर तिथे पकड सुटू लागली आहे असे समजावे. आतल्या कोपऱ्यात दिसणारी सिलिकॉनची पट्टी शेवाळ खरवडताना ब्लेडने कापली गेली असेल तर ती बदलता येते, पण मधला थर सुटला असेल तर टँक पूर्ण उकलून पुन्हा जोडावा लागतो. ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे वरचे पाणी खाली उतरवण्यासाठी, पाडलेल्या भोकांच्या काठावर केसाएवढी चीर आहे का, हे बोटाचे नख फिरवून पाहावे. बाहेरच्या बाजूला सांध्याखाली मिठाची पांढरी रेघ साठलेली असणे हा गळतीचा सर्वांत जुना पुरावा आहे.

यंत्रांपैकी चिलर (पाणी थंड ठेवणारे यंत्र) आणि स्किमर (फेसावाटे पाण्यातली घाण काढणारे यंत्र) यांच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्यावे, कारण आपल्या हवेत एप्रिल-मेमध्ये खोलीचे तापमान ३२ अंशांच्या वर जाते आणि चिलरशिवाय प्रवाळ तग धरत नाहीत. चिलर समोर चालवून घ्यावा, सेट केलेल्या तापमानाला तो बंद होतो का हे पाहावे. दिवे, रिटर्न पंप (खालचे पाणी परत टँकमध्ये चढवणारा), वेव्हमेकर (पाण्यात प्रवाह निर्माण करणारा पंप) एकेक करून बंद-चालू करावेत. मुख्य वीज बंद केल्यावर टँकमधले किती पाणी खाली सम्पमध्ये (टँकखालच्या टाकीत) उतरते आणि सम्प काठोकाठ भरतो का, ही चाचणी विक्रेत्याच्या घरीच करून घ्यावी. आपल्या घरी वीज गेल्यावर ती आपोआप होणारच असते.

घरातील जागेचा विचार वजनापासून सुरू करावा. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच टँकमध्ये काठोकाठ ४३० लिटर पाणी मावते. खारे पाणी गोड्या पाण्यापेक्षा जड असल्याने त्याचेच वजन ४४० किलो होते. १२ मिलिमीटर काचेचे ८५ किलो, शिवाय रॉक, वाळू, स्टँड आणि सम्प धरला तर एकूण भार ६०० किलोच्या बराच वर जातो. भारतीय मानकानुसार राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोच्या हलत्या भारासाठी आखलेला असतो. हा आकडा संपूर्ण खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे, त्यामुळे टँक ठेवला की स्लॅब लगेच खचेल असे नाही. पण टँक बीमच्या वर, भिंतीला लागून ठेवावा, आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. तळमजला असेल तर ही काळजी बरीच कमी होते. सोसायटीची परवानगी, लिफ्टची आतली मापे आणि जिन्याच्या वळणाची रुंदी ही कामे याच आठवड्यात उरकावीत, कारण चार फुटी टँक लिफ्टमध्ये बसत नाही हे खाली टेम्पो उभा असताना कळले तर वर बादल्यांत मासे तिष्ठत राहतात.

विजेच्या जोडणीसाठी स्वतंत्र सर्किट आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) असावा. सगळे प्लग टँकच्या पातळीपेक्षा वर घ्यावेत आणि प्रत्येक वायरला बोर्डाच्या खाली लोंबता झोल ठेवावा, म्हणजे वायरवरून ओघळणारे खारे पाणी बोर्डात न शिरता झोलावरून खाली टपकते.

पाण्याची तयारी निदान दोन दिवस आधी करावी. आपण सुमारे निम्मे जुने पाणी नेणार आणि निम्मे नवे वापरणार असे धरले, तरी अपघातासाठी थोडे जास्तीचे हवे. वरच्या मापाच्या टँकला २५० लिटर नवे पाणी तयार ठेवावे, आणि त्याला लिटरमागे सुमारे ३६ ग्रॅम या हिशेबाने नऊ किलो मरीन सॉल्ट लागते. पाणी आरओडीआयचे, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षारही काढून टाकलेले, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य असलेलेच घ्यावे. स्वयंपाकघरातल्या आरओचे पाणी चालत नाही, कारण पिण्यासाठी त्यात क्षार मुद्दाम राखलेले असतात. जुहू किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून पाणी आणण्याचा मोहही टाळावा. तिथे सांडपाणी मिसळते आणि पावसाळ्यात क्षारता खूप उतरते. मीठ घातलेले पाणी पंपाने चोवीस तास फिरवत ठेवून मगच त्याची क्षारता मोजावी आणि ती जुन्या टँकच्या क्षारतेशी जुळवून घ्यावी.

वाळूबद्दल मतभेद आहेत, पण माझा सल्ला जुनी वाळू टाकून देण्याचा आहे. वर्षानुवर्षे न हललेल्या जाड थराच्या तळाशी प्राणवायू पोहोचत नाही, तिथे सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड आणि भरपूर कुजका गाळ साठतो. थर उचकटला की ते सगळे पाण्यात मिसळते आणि हलवलेल्या टँकमधले मासे दुसऱ्या दिवशी मरण्याचे हे फार मोठे कारण असते. नवी, स्वच्छ धुतलेली आरागोनाइट वाळू घ्यावी. जुन्या वाळूतले जीव हवेच असतील तर वरच्या पातळ थरातली वाटीभर वाळू पुरते.

झोअँथिड आणि पॅलिथोआ या प्रवाळांच्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असते. असे प्रवाळ वाढलेला रॉक उकळत्या पाण्यात टाकणे, गरम पाण्याने धुणे किंवा कोरडा करून ब्रशने घासणे यांतून उडणारी वाफ आणि तुषार श्वासातून आत गेल्याने माणसे रुग्णालयात दाखल झाल्याच्या घटना अनेक देशांत घडल्या आहेत. रॉक उचलताना लांब रबरी हातमोजे आणि चष्मा वापरावा, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्यावे, आणि लहान मुलांना खोलीबाहेर ठेवावे.

हलवण्याचा दिवस शक्यतो डिसेंबर किंवा जानेवारीतला निवडावा आणि काम पहाटे सुरू करावे. मुंबईहून पुण्याला न्यायचे असेल तर शनिवार-रविवार टाळावा, कारण खंडाळ्याच्या घाटातली कोंडी तासन् तास चालते. आदल्या दिवशी माशांना खायला देऊ नये. पोट रिकामे असले की वाटेत पाणी कमी घाण होते.

टँकवर पोहोचल्यावर प्रथम पंप आणि हीटर बंद करावेत आणि गाळ न ढवळता वरचे स्वच्छ पाणी झाकणाच्या, अन्नासाठी वापरता येणाऱ्या पिंपांत भरून घ्यावे. मग प्रवाळ काढावेत, एकेक वेगळ्या पिशवीत किंवा डब्यात, पूर्ण पाण्याखाली. लेदर कोरल एकाच पाण्यात इतरांसोबत ठेवल्यास त्याच्या रसायनांनी शेजारी दगावतात. अॅनिमोनी हा फुलासारखा समुद्री प्राणी असेल तर त्याला ओढू नये. त्याचा पाय काचेला चिकटलेला असेल तर नखाने नव्हे, पातळ प्लॅस्टिकच्या कार्डाने अगदी कडेपासून हळूहळू सोडवावा, आणि रॉकला चिकटलेला असेल तर रॉकसकट न्यावा. फाटलेल्या पायाचा अॅनिमोनी सहसा वाचत नाही आणि मेल्यावर सगळे पाणी नासवतो. त्यानंतर रॉक जुन्या पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यांत भरावेत. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळूनही रॉक नेता येतो, पण त्याच्यावरचे स्पंज हवा लागताच मरू लागतात आणि पुढे अमोनिया वाढवतात.

मासे सर्वांत शेवटी पकडावेत. रॉक असताना जाळी घेऊन त्यांच्यामागे लागणे म्हणजे त्यांना थकवणे आणि पाणी गढूळ करणे. पाणी तळाशी चार-पाच इंच उरले आणि लपायला जागा राहिली नाही की ते जाळीपेक्षा प्लॅस्टिकच्या भांड्याने, पाण्यासकट, काही मिनिटांत उचलता येतात. त्यांना थर्मोकोलच्या पेटीत ठेवून बॅटरीवर चालणारा एअर पंप लावावा. प्रवास पाच-सहा तासांहून लांबणार असेल तर प्राणवायू भरलेल्या बंद पिशव्या बऱ्या. मात्र त्या उघडल्यावर तासभर थेंब-थेंब पाणी टाकत बसू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइडमुळे पाण्याचा पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी राहतो. पिशवी उघडताच पीएच चढतो आणि तोच अमोनिया जीव घेऊ लागतो. पिशवी न उघडता टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवावे, क्षारता सारखी असल्याची खात्री करून मासे लगेच सोडावेत. कोळंबी आणि तारामासे मात्र क्षारतेतला थोडाही फरक सोसत नाहीत, त्यांच्यासाठी हळूहळू जुळवून घेणेच योग्य.

टँक पूर्ण रिकामा करूनच उचलावा. तळाशी दोन इंच ओली वाळू शिल्लक ठेवून नेलेल्या टँकची तळकाच पिळवटते आणि सांधा सुटतो. खाली प्लायवूड आणि फोम घालून, काच उचलण्याच्या सक्शन कपांनी किंवा पट्ट्यांनी, चार सवयीच्या हमालांकडून तो उभाच न्यावा. वरच्या ब्रेसला (आधाराच्या आडव्या पट्टीला) धरून उचलू देऊ नये. चिलर टेम्पोत उभाच ठेवावा आणि घरी आल्यावर काही तास स्थिर राहू देऊनच चालू करावा.

नव्या जागी स्टँड दोन्ही दिशांनी लेव्हलने तपासावा, टँकखाली फोमची चादर घालावी, मग रॉक थेट तळावर टेकवून रचावा आणि वाळू त्याच्याभोवती पसरावी. वाळूवर रचलेला रॉक खाली खणणाऱ्या माशांमुळे ढासळतो. नवे पाणी, मग जुने पाणी भरून पंप सुरू करावा, तापमान आणि क्षारता जुळली की मासे आणि शेवटी प्रवाळ ठेवावेत. पहिल्या दिवशी दिवे बंदच ठेवावेत आणि पुढचे दोन आठवडे नेहमीच्या निम्म्या तीव्रतेने लावावेत.

पहिले सात दिवस रोज सकाळी अमोनिया मोजावा. थोडा दिसला तर खाणे बंद करून पाव पाणी बदलावे, आणि यासाठी तयार मीठपाण्याचे एक पिंप बाजूला भरून ठेवलेले असावे. अमोनिया आणि नायट्राइट सलग शून्य राहिले, मासे खाऊ लागले आणि झोअँथिड पूर्ण उघडले की दिवे टप्प्याटप्प्याने वाढवावेत. नवा मासा मात्र त्यानंतरही महिनाभर आणू नये, आणि आणला तरी आधी वेगळ्या टँकमध्ये निरीक्षणाखाली ठेवावा.