टेक्सासचा १० नंबरचा सिनेट मतदारसंघ: निवडणूक-इतिहास मांडताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या एखाद्या राज्य सिनेट मतदारसंघाचा इतिहास मांडायचा म्हटलं की बहुतेक जण थेट तक्ता आखायला घेतात: वर्ष, विजेता, पक्ष, मतं, टक्के. तक्ता दिसतो नेटका, पण त्यातून निघणारे निष्कर्ष हमखास फसतात. हे समजून घ्यायला टेक्सासचा दहावा मतदारसंघ उत्तम. फोर्ट वर्थ शहर आणि टॅरंट काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) यांच्या आधाराने उभ्या असलेल्या या मतदारसंघात २००८ पासून जवळपास प्रत्येक गोंधळ घडून गेला आहे.

आधी सभागृह नक्की करा

टेक्सासात ‘मतदारसंघ १०’ निदान तीन आहेत: एक अमेरिकी काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहाचा, एक राज्याच्या प्रतिनिधिगृहाचा आणि एक राज्य सिनेटचा. तिन्हींच्या हद्दींचा एकमेकांशी संबंध नाही. वॉशिंग्टनच्या सिनेटला तर मतदारसंघच नसतात, तिथे संपूर्ण राज्य मिळून मत देतं. शोधताना ‘राज्य सिनेट’ हे शब्द गाळले की काँग्रेसचे निकाल तक्त्यात घुसतात. आपल्या विधान परिषदेचा साचाही इथे चालत नाही. टेक्सास सिनेटचे ३१ सदस्य थेट मतदारांकडून निवडले जातात. पदवीधर, शिक्षक, स्थानिक संस्था, राज्यपालनियुक्त असा काही प्रकार नाही.

नंबर तोच, नकाशा वेगळा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मतदारसंघाचा नंबर दशकानुदशकं तोच राहतो, आतले मतदार मात्र बदलतात. महाराष्ट्रात २००८ च्या पुनर्रचनेनंतर २००९ ची विधानसभा लढली गेली, तेव्हा जुन्या निकालांशी तुलना करणाऱ्यांची हीच पंचाईत झाली होती. अमेरिकेत दर दहा वर्षांच्या जनगणनेनंतर हे घडतं, आणि टेक्सासात नकाशा आखण्याचं काम विधिमंडळच करतं, म्हणजे ज्या पक्षाचं बहुमत त्याच्याच हातात पेन्सिल.

दहाव्या मतदारसंघाचे तीन टप्पे वेगळे धरा. २०११ मध्ये विधिमंडळाने केलेल्या नकाशात (योजना एस १४८) या मतदारसंघातल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्या तोडून इतरत्र टाकल्या होत्या. प्रकरण कोर्टात गेलं. सॅन अँटोनियोच्या संघीय न्यायालयाने २०१२ साठी तात्पुरता नकाशा दिला (एस १७२) आणि दहावा मतदारसंघ जवळपास पूर्ववत झाला. २०१३ मध्ये विधिमंडळाने हाच नकाशा कायम केला. म्हणजे २०११ च्या नकाशावर इथे एकही निवडणूक झाली नाही. तरीही ‘२०११ च्या पुनर्रचनेनंतर’ असा मथळा देऊन २०१२ चा निकाल त्याखाली मांडलेला सर्रास दिसतो. याच वादामुळे २०१२ ची प्रायमरी (पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक) मार्चवरून २९ मे वर गेली. तारीख विचित्र वाटली म्हणून ‘दुरुस्त’ करू नका.

२०२१ चा नकाशा (एस २१६८) मात्र अमलात आला. फोर्ट वर्थचे काही अल्पसंख्याक भाग निघाले आणि पश्चिमेच्या व दक्षिणेच्या पार्कर, जॉन्सन, पालो पिंटो यांसारख्या काउंट्या जोडल्या गेल्या. किती फरक पडला? २०२० मध्ये पडलेलीच मतं जुन्या हद्दीत मोजली तर बायडेन पुढे, नव्या हद्दीत मोजली तर ट्रम्प पुढे. एकाही मतदाराने मत बदललेलं नाही. म्हणून ‘२०१८ मध्ये डेमोक्रॅटिक असलेला मतदारसंघ २०२२ मध्ये रिपब्लिकनांकडे झुकला’ हे वाक्य चूक आहे. झुकला तो नकाशा.

उपाय सोपा आहे. तक्त्यात वर्षाशेजारी ‘नकाशा’ हा रकाना घाला, योजनेचा नंबर लिहा आणि नकाशा बदलतो तिथे जाड रेघ ओढा. त्या रेघेच्या दोन बाजूंच्या टक्केवाऱ्यांची वजाबाकी करायची नाही.

‘एक निवडणूक गाळली गेली का?’

दहाव्या मतदारसंघाच्या निवडणुका २००८, २०१२, २०१४, २०१८, २०२२, २०२४ अशा झाल्या. मुदत चार वर्षांची असताना मध्येच दोन वर्षांचं अंतर पाहून अनेक जण ती पोटनिवडणूक समजतात. तसं नाही. पुनर्रचनेनंतरच्या पहिल्या निवडणुकीत सगळ्या ३१ जागा लढवल्या जातात. मग पुढच्या जानेवारीत सदस्य चिठ्ठ्या काढतात: साधारण निम्म्यांना दोन वर्षं, उरलेल्यांना चार. जानेवारी २०१३ मध्ये इथल्या डेमोक्रॅटिक सिनेटर वेंडी डेव्हिस यांना दोन वर्षांची चिठ्ठी आली, म्हणून २०१४ ची निवडणूक. डेव्हिस त्या वर्षी गव्हर्नरपदासाठी ग्रेग ॲबट यांच्याविरुद्ध लढून हरल्या. सिनेटची जागा त्यांनी लढवलीच नाही. ‘२०१४ मध्ये डेव्हिस यांनी जागा गमावली’ असं लिहिणं म्हणजे दोन निवडणुका एकत्र कालवणं.

निवडून आल्याचं वर्ष आणि कारकिर्दीची सुरुवात यांतही गल्लत होते. मतदान नोव्हेंबरात, शपथ पुढच्या जानेवारीत. त्यामुळे डेव्हिस २००९ ते २०१५, कोनी बर्टन (रिपब्लिकन) २०१५ ते २०१९, बेव्हर्ली पॉवेल (डेमोक्रॅटिक) २०१९ ते २०२३, त्यानंतर फिल किंग (रिपब्लिकन).

टक्के वाढले, पण आघाडी?

आकड्यांचा खरा सापळा इथे आहे. २००८ मध्ये डेव्हिस यांना ४९.९ टक्के, तेव्हाचे रिपब्लिकन सिनेटर किम ब्रिमर यांना ४७.५ टक्के आणि लिबर्टेरियन या छोट्या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराला उरलेले सुमारे अडीच. २०१२ मध्ये डेव्हिस ५१.१, रिपब्लिकन मार्क शेल्टन ४८.९. तक्ता म्हणतो, डेव्हिस सव्वा टक्क्याने वधारल्या. पण २०१२ मध्ये तिसरा उमेदवारच नव्हता. २००८ ची फक्त दोन मोठ्या पक्षांची मतं धरली तर डेव्हिस यांचा वाटा ५१.२ टक्के निघतो, म्हणजे चार वर्षांत तो जागचा हलला नाही. मतांची आघाडी तर सात हजारांच्या किंचित वरून साडेसहा हजारांच्या आत आली. हद्द जवळपास तीच असल्यामुळे ही तुलना तरी रास्त आहे.

म्हणून दोन रकाने ठेवा: एकूण मतांपैकी टक्के आणि दोन पक्षांतला वाटा. दुसऱ्यासाठी विजेत्याची मतं भागिले दोघांची बेरीज. आणि हो, टेक्सासच्या सार्वत्रिक निवडणुकीत निम्म्याहून जास्त मतांची अट नाही, ४९.९ वर जिंकता येतं. ती अट पक्षांतर्गत प्रायमरीला आहे, म्हणून २०१४ मध्ये बर्टन यांना मे महिन्यात शेल्टन यांच्याविरुद्ध रनऑफ (पहिल्या दोघांतली दुसरी फेरी) लढावी लागली. रनऑफचे टक्के नोव्हेंबरच्या रकान्यात टाकू नका.

वर्षाचा प्रकारही नोंदवा. २००८ आणि २०१२ ही अध्यक्षीय वर्षं, २०१४ आणि २०१८ मध्यावधी, म्हणजे अध्यक्षाच्या मुदतीच्या मधली (आपल्याकडची मुदतपूर्व निवडणूक नव्हे). मतदान किती झालं आणि मतदार कोण होते, दोन्ही बदलतं. २०१८ मध्ये पॉवेल यांनी बर्टन यांना ५१.७ विरुद्ध ४८.३ ने हरवलं, त्याच दिवशी अमेरिकी सिनेटच्या लढतीत टॅरंट काउंटीने डेमोक्रॅटिक उमेदवार बेटो ओरूर्क यांना निसटती आघाडी दिली होती. हा संदर्भ गाळला तर सगळं श्रेय किंवा दोष उमेदवाराच्या पदरात पडतो. शिवाय नोव्हेंबर २०२० पासून टेक्सासात एका खुणेत एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देण्याची सोय बंद आहे. त्याआधीची आणि नंतरची या लढतीत कोरी राहिलेली मतं एका मापाने मोजू नयेत.

बेरीज जुळत नाही तेव्हा

२०१८ पर्यंत हा मतदारसंघ पूर्णपणे टॅरंट काउंटीत होता, त्यामुळे काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचा या लढतीचा आकडा म्हणजेच अंतिम आकडा. २०२२ पासून तसं चालत नाही. प्रत्येक काउंटीचा आकडा वेगळा येतो आणि बेरीज राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे (राज्यातल्या निवडणुका पाहणारा अधिकारी) मिळते. उलट बाजूने, संपूर्ण टॅरंट काउंटीचा निकाल या मतदारसंघाचा म्हणून वापरू नका, कारण काउंटीत इतर सिनेट मतदारसंघांचेही भाग आहेत. निवडणुकीच्या रात्रीचे आकडे कच्चे असतात. टपाली आणि तात्पुरती नोंदलेली मतं नंतर मिळवली जातात. अधिकृत छाननीनंतरचाच आकडा घ्या.

२०२२ च्या ओळीत मताधिक्य लिहूच नका. पॉवेल यांनी प्रायमरीनंतर, एप्रिलमध्ये माघार घेतली आणि पार्कर काउंटीतले आमदार किंग यांच्यासमोर डेमोक्रॅटिक उमेदवार उरला नाही. ‘१०० टक्के’ सरासरीत धरले तर पुढचं सगळं गणित बिघडतं. शेरा लिहा आणि ती ओळ आकडेमोडीतून वगळा.

दुसऱ्या राज्यात हीच कृती जशीच्या तशी नको

कॅलिफोर्नियात २०१२ पासून प्रायमरीतले पहिले दोन, पक्ष कोणताही असो, नोव्हेंबरात जातात. तिथल्या दहाव्या मतदारसंघात २०२२ ला आयशा वहाब आणि लिली मे या दोघी डेमोक्रॅटिकच होत्या, त्यामुळे दोन पक्षांतला वाटा काढताच येत नाही. व्हर्जिनियात निवडणूक विषम वर्षी होते आणि सगळ्या ४० जागा एकदम भरल्या जातात. तिथे २०२१ च्या पुनर्रचनेत नंबरही फिरले: गझाला हाश्मी २०१९ मध्ये दहाव्या मतदारसंघातून, २०२३ मध्ये पंधराव्यातून निवडून आल्या. अशा राज्यात एक तक्ता मतदारसंघाचा आणि दुसरा सदस्याचा, असे दोन करा. नेब्रास्कात तर एकच सभागृह आहे, ४९ सदस्यांचं, आणि मतपत्रिकेवर पक्ष छापलाच जात नाही. तिथे पक्षाचा रकाना अधिकृत निकालावरून भरता येत नाही.